डाव्या पायाचा अंगठा आणि सकाळची साखर

मी जुन्नरला मुद्रांक विकतो आणि दस्त लिहितो. लोक आम्हाला वेंडर म्हणतात. नोंदणी कचेरीच्या बाहेर पत्र्याच्या छपराखाली माझे टेबल आहे. दुसऱ्याच्या जमिनीच्या चारही बाजूंना काय आहे, हे मी पूर्वेपासून उत्तरेपर्यंत न चुकता लिहितो. स्वतःच्या पायाला काय झाले आहे, हे मात्र मला एका पक्षकाराने सांगितले.

त्या दिवशी एका खरेदीखताचा मसुदा मी दोन्ही बाजूंना वाचून दाखवीत होतो. जमीन घेणारे गृहस्थ ऐकता ऐकता टेबलाखाली वाकले.

“वेंडर, पायाला काय झालंय? रगत हाय.”

“कोणाच्या पायाला?”

“तुमच्याच की राव. माझ्या पायात बूट हाय.”

मी पाहिले. चपलेच्या तळातून एक खिळा वर आला होता आणि डाव्या पायाच्या अंगठ्यात खालून शिरला होता. बस स्थानकापासून कचेरीपर्यंत मी तसाच चालत आलो असणार, कारण त्यानंतर मी जागेवरून उठलोच नव्हतो. दुखत नव्हते. तो पाय दुसऱ्या कोणाचा असावा, तसा मी त्याच्याकडे पाहत राहिलो. मग मसुदा पुढे वाचला. सह्या झाल्या, दस्त नोंदला गेला, पेढे वाटले गेले, माझ्या वाट्याचा पेढा मी खाल्ला आणि त्यानंतर दवाखान्यात गेलो.

हा क्रम मी मुद्दाम लिहितो आहे. वाचणाऱ्यांपैकी कोणाचा पाय दुखायचा थांबला असेल, तर त्याने ती चांगली बातमी समजू नये.

डोळे मिटून

जुन्नरच्या डॉक्टरांनी पट्टी बांधून मला त्याच दिवशी नारायणगावच्या एका रुग्णालयात पाठवले. तिथल्या शल्यचिकित्सकांनी मला खाटेवर बसवले आणि डोळे मिटायला सांगितले.

“मी पायाला ठिकठिकाणी एक तार टेकवतो. जिथे कळेल तिथे ‘हो’ म्हणा.”

मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ गेला तरी डॉक्टर सुरुवात करीनात, म्हणून मी विचारले, “करताय ना?”

ते म्हणाले, “झालं.”

आजाराचे नाव मला त्यानंतर रक्ताच्या तपासणीतून कळले. पण तो आजार मला खऱ्या अर्थाने कळला तो या एका शब्दात. पाय किती वर्षांपासून बधिर आहेत, असे त्यांनी विचारले. खुर्चीत बसून बसून मुंग्या येतात, असे मी समजत होतो. मुंग्या यायच्या थांबल्या, तेव्हा बरे झाले असे समजलो.

त्या रात्री मला तिथेच ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी साखर तपासली. ती तीनशेच्या जवळ होती. डॉक्टर शांतपणे बोलत होते, आणि मला त्यांच्या शांतपणाबद्दल आजही कृतज्ञता वाटते. जखम खोल आहे, जंतू हाडापर्यंत गेले तर अंगठा काढावा लागेल, आणि अंगठ्यावरच थांबेल असे आज सांगता येत नाही, असे ते म्हणाले. साखर खाली आली तर जखमेला भरण्याची संधी मिळेल.

बाहेर बाकावर मंदा बसली होती. मंदा म्हणजे माझी पत्नी. ती आमच्या डिंगोऱ्याहून धारा काढून, डेअरीला दूध घालून, मिळेल त्या गाडीने आली होती.

“काय म्हनले?”

“साखर निघाली.”

“कुणाला न्हाई ती? अख्ख्या आळीत हाय.”

“अंगठा काढावा लागेल कदाचित.”

तिने माझ्या पायाच्या पट्टीकडे पाहिले. मग म्हणाली, “जेवलाय का?”

मी जेवलो नव्हतो. तिने डबा उघडला. मला त्या वेळी भीती वाटायला हवी होती, किंवा निदान दुःख. तसे काही वाटले नाही. डब्यात मेथीची भाजी आहे एवढेच लक्षात आले.

रुग्णालयात

जखम साफ करण्यासाठी मला आणखी काही दिवस तिथे ठेवून घेतले. रुग्णालयाचा दिवस उजाडण्याच्या आधी सुरू होई. परिचारिका येऊन बोटाला सुई टोचे, कागदावर आकडा लिही आणि पुढच्या खाटेकडे जाई. मी रोज आकडा विचारत असे. ती रोज सांगत असे, आणि तिच्या आवाजात कधीही दोष देण्याचा सूर नसे. आजारी माणसाला एवढेही पुरते.

शेजारच्या खाटेवर पश्चिमेकडच्या डोंगरातले एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांची उजव्या पायाची दोन बोटे आधीच गेली होती.

“सकाळी सकाळी रगत काढत्यात,” ते मला म्हणाले, “नि वरून च्या देत्यात त्यो बी बिनसाकरंचा. आपल्यापरीस कोंबडं बरं. त्याला एकदाच कापत्यात.”

मी हसलो. मग त्यांना विचारले, “बोटं गेल्यावर चालायला त्रास होतो का?”

“चालायला न्हाई. चप्पल निसटती.” मग ते म्हणाले, “भातलावणीत चिखलात पाय रुतला की बोटं धरून ठेवत्यात बघा जमीन. ते आता न्हाई व्हत.”

माझ्या अंगठ्याने आजवर काय काय धरून ठेवले असेल, याचा मी विचार करून पाहिला. मला आठवेना.

उपाशी झोपणे

घरी आलो तेव्हा सोबत गोळ्या होत्या, रात्री घ्यायचे इन्सुलिन होते आणि साखर मोजायचे लहानसे यंत्र होते. दुपारची साखर बरी येऊ लागली. संध्याकाळचीही आवरली. सकाळची मात्र आवरेना. रात्री झोपताना जो आकडा असे, त्याहून पहाटेचा मोठा. मध्ये तर मी काहीच खाल्लेले नसे. दस्तात न लिहिलेली जमीन खरेदीदाराच्या नावावर निघावी, तसे मला ते वाटे.

डॉक्टर म्हणाले, “रात्रभर तुमचा पाय साखरेच्या पाण्यात बुडवून ठेवलाय असं समजा. दिवसा आपण जे भरतो ते रात्री विरघळतं. सकाळची साखर खाली आल्याशिवाय मी अंगठ्याबद्दल शब्द देऊ शकत नाही.”

मी हिशेब असा केला की सकाळी साखर जास्त येते, तर रात्रीचे जेवणच बंद करावे. आमच्या घरात उपवासाला मान आहे. काही चुकले की एक वेळ जेवण सोडायचे, हा आमच्याकडे जुना उपाय. आई करत असे, मीही करत आलो. मी दोन रात्री जेवलो नाही, आणि इन्सुलिन मात्र नियमाने घेतले. मंदा म्हणाली, “सुई टोचून उपाशी झोपायचं असतं का?” मी तिला म्हणालो की हे तुला कळणार नाही. हे वाक्य मी जसेच्या तसे लिहितो आहे.

त्यानंतरच्या पहाटे मला घामाने जाग आली. हात थरथरत होते, जीभ जड झाली होती आणि समोर उभ्या असलेल्या मंदाचे नाव मला आठवत नव्हते. तिने तपासले नाही, विचारले नाही. गुळाचा खडा आणून माझ्या तोंडात कोंबला आणि वर पाणी पाजले. काही वेळाने मी सावरलो. उजाडल्यावर मोजले तर साखर आदल्या दिवसाहून अधिक.

रात्रीचे औषध घेऊन उपाशी झोपू नका. माझ्या या संपूर्ण लिखाणातून कोणी एकच गोष्ट घेणार असेल, तर ही घ्यावी.

सातचे जेवण

मंचरला एक आहारतज्ज्ञ बसतात. वयाने माझ्या मुलापेक्षा लहान. मंदा आणि मी दोघेही गेलो.

“काका, रात्री काय जेवता?”

“साधंच असतं.”

“साधं म्हणजे काय?”

मी विचार करू लागलो. मंदानेच सांगितले, “दोन भाकरी नि कालवण. मग वरणभात. मग शेवटाला दूधभात. तेवढं लागतंच यांना.”

“आणि किती वाजता?”

“मालिका संपल्यावर. दहा व्हत्यात.”

त्या बाईंनी हसू दाबले नाही, आणि त्यामुळे आम्हालाही थोडे हसता आले. मग त्यांनी समजावून सांगितले. माणूस झोपला तरी शरीर झोपत नाही. पहाटे उठण्याची तयारी म्हणून यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडते. धडधाकट माणसाचे शरीर ती आवरते, माझे आवरू शकत नाही. त्यात रात्री उशिरा दोन वेळा भात पडला की पहाटेपर्यंत दोन्हीची गाठ पडते. उपाशी राहिलो तर औषधाने साखर नको तेवढी पडते आणि मग शरीर घाबरून ती वर ढकलते.

“जेवण सोडायचं नाही. लवकर जेवायचं,” त्या म्हणाल्या. “सातला. एक लहान भाकरी. मटकी, हुलगे, मूग, जे कडधान्य असेल ते वाटीभर. पालेभाजी भरपूर. रात्री भात नाही, दूध नाही. जेवल्यावर अंगणात फेऱ्या, पण पायात बंद बूट घालून. जखम आहे तोवर हळू, डॉक्टर सांगतील तेवढ्याच. आणि रोज सकाळी मोजा. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. तुमचं काय म्हणतंय ते आकडा सांगेल.”

यात काही विशेष नाही, असे वाचणाऱ्याला वाटेल. मलाही तसेच वाटले होते. पण सातला जेवायचे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी दूध आहे त्यालाच कळेल. आमच्या दोन जर्सी गायी आहेत. मुलगा चाकणला कंपनीत असतो, त्यामुळे गोठ्याचे सगळे काम मंदाच करते. सहाला धारा, मग किटली घेऊन दूध संकलन केंद्र, मग वैरण, त्यानंतर चूल. आता तिला स्वयंपाक धारांच्या आधी उरकावा लागे. दूध घालून ती धावत परत येई, माझे ताट वाढी, मी जेवत असताना समोर बसे आणि मी फेऱ्या मारायला बाहेर पडलो की पुन्हा गोठ्यात जाई. ती कधी जेवते, काय जेवते, हे मी विचारले नाही. घरात आम्ही दोघेच आहोत. तरीही माझे झाल्याशिवाय ती कधीच जेवलेली नाही. तिची आई तशीच जेवत असे, आणि माझीही.

भात ती पूर्वीच्याच अंदाजाने टाकी. सवयीच्या हाताला निम्मे टाकणे जमत नाही. दुपारी मी थोडा घेई, रात्री घेत नसे. उरलेले टाकायला आमच्याकडे जागा नव्हती. कुत्रे बिबट्याने नेल्यापासून आम्ही दुसरे पाळले नाही. गायीला एकदा शिळा भात घातला तेव्हा तिचे पोट फुगले होते, आणि शिजवलेले अन्न पुन्हा घालू नका, असे गुरांच्या डॉक्टरांनी बजावले होते. अन्न फेकायचे नाही, हे तर आम्ही लहानपणापासून शिकलेलो.

पेढ्यांचेही तसेच. खरेदीखत नोंदले की जमीन घेणारा पेढ्यांचा पुडा आणतो आणि पहिला पेढा दस्त लिहिणाऱ्याच्या हातावर ठेवतो. तो नाकारला तर जमीन लाभत नाही, असे लोक मानतात. मी पेढा घेई, कपाळाला लावी, कागदात गुंडाळी आणि खिशात ठेवी. घरी येऊन तो मंदाच्या हातावर ठेवी. मोह जिंकल्याचे एक लहानसे समाधान मला त्यात मिळत असे. ती म्हणे, “लोकांच्या लक्ष्मीचा पेढा. टाकायचा कसा?”

काही आठवड्यांत सकाळचा आकडा उतरू लागला. दोनशेच्या खाली आला. मग दीडशेजवळ. मी तो मंदाला वाचून दाखवी. मला आनंद होत असे असे नाही. आकडा उतरला की दिवस सुरू होई, इतकेच.

पेठला

माझी धाकटी बहीण शोभा पेठला दिली आहे. तिच्या नव्या घराची वास्तुशांत होती. जाणे भागच होते. पुरणपोळीचा बेत होता. मी पंगतीत बसलो आणि वाढणाऱ्याला पोळीच्या आधीच हात आडवा केला. शोभा धावत आली.

“दादा, माझ्या घरात इख वाढत्यात का?”

“तसं नाही गं. सकाळची साखर...”

“सकाळची सकाळी बघू. आता दुपार हाय.” तिने स्वतःच्या हाताने पोळी वाढली आणि वर तूप ओतले. “माझ्या दारात येऊन ताटावरनं तसाच उठणार व्हय? लोक काय म्हनतील, भावाला बहिनीचं गोड लागंना?”

मी ताटाकडे पाहत बसलो. पंगत थांबल्यासारखी झाली होती. मंदा बायकांच्या पंगतीला वाढत होती, ती आली, वाकली आणि तिने माझ्या ताटातली पोळी उचलून आपल्या हातात घेतली.

“आणा इकडं. यांच्या वाटची मी खाते. झालं ना तुमचं समाधान, वन्सं?”

शोभा जराशी नरमली. तिने मंदाकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

“वहिनी, दादाची समदी पथ्यं तुझ्याच अंगाला लागलीत की गं. त्यो वाळला नि तू बघ कशी झालीस.”

सगळे हसले. मंदाही हसली. मीही हसलो आणि मला बरे वाटले, कारण पोळी खावी लागली नव्हती आणि बहिणीचा मानही राहिला होता. परतताना गाडीत मंदा पाण्याची बाटली पुन्हा पुन्हा तोंडाला लावत होती. उन्हाचे दिवस होते. मी खिडकीतून बाहेर पाहत होतो.

उरलेली पट्टी

अंगठ्याचा निर्णय ज्या भेटीत होणार होता, त्या दिवशी सकाळी माझी साखर एकशे बारा आली. इतकी खाली ती पूर्वी आली नव्हती. डबीत साखर तपासायची एकच पट्टी उरली होती, आणि तिची मुदत त्याच दिवशी संपत होती. मंदा चहा घेऊन आली.

“वाया जाईल ती,” ती म्हणाली आणि गमतीने बोट पुढे केले. “माझी बी बघा की. बघू तर मला किती हाय.”

मी सुई टोचली. तिने “आई गं” केले आणि हसली. तिचे बोट कापणीच्या आणि वैरणीच्या कामाने इतके राठ झाले होते की रक्त यायला दाबावे लागले. यंत्रावर तीनशे चाळीस हा आकडा आला.

ती उपाशीपोटी होती. अजून चहाही घेतलेला नव्हता. मी विचार केला की बोटाला पेढा किंवा गूळ लागला असेल. तिला हात साबणाने धुवायला लावले. पट्टी संपली होती म्हणून शेजारून एक मागून आणली. तीनशे एकतीस.

मंदाने माझ्या तोंडाकडे पाहिले.

“म्हंजे तुमची माझ्यात आली?”

“तशी येत नसते ती.”

“मग?”

दस्त लिहिताना एका बाजूने जे जाते ते दुसऱ्या बाजूच्या नावावर चढते, हे मी आयुष्यभर लिहीत आलो आहे. रात्रीचा वरणभात, शेवटचा दूधभात, खिशातले पेढे, बहिणीची पोळी. मी जे जे सोडले ते कुठे गेले, हे मला एकदाही विचारावेसे वाटले नव्हते. ते हवेत गेले नव्हते.

अंगठा

आम्ही दोघे नारायणगावला गेलो. डॉक्टरांनी पट्टी सोडली, जखम पाहिली, क्ष-किरणाचे चित्र उजेडात धरले. त्यांनी बराच वेळ घेतला.

“हाड स्वच्छ आहे,” ते म्हणाले. “जखम तळातून भरत आली आहे. अंगठा राहील. नख नीट येईल असं नाही, पण अंगठा तुमचा तुमच्याकडेच राहील. हे तुम्ही जेवणावर मिळवलंत.”

कित्येक महिने मी या वाक्याची वाट पाहिली होती. ते कानावर आले आणि मला काही वाटले नाही. डॉक्टरांना ते विचित्र वाटले असावे. त्यांनी विचारले, “कळलं ना मी काय म्हणालो?”

“हो,” मी म्हणालो. “डॉक्टर, हिचेही पाय बघता का?”

मंदा म्हणाली, “माझ्या पायाला काय झालंय? उगं आपलं कायतरी.” पण ती खाटेवर बसली. तिने डोळे मिटले. डॉक्टरांनी तार टेकवली, आणि तिने लगेच “हां” म्हटले. पुन्हा टेकवली, पुन्हा “हां”. दोन्ही पायांच्या दहाही बोटांवर तिने “हां” म्हटले. एकदा तर “गुदगुल्या व्हत्यात” म्हणाली. मी भिंतीशी उभा राहून ऐकत होतो.

रक्ताची पूर्ण तपासणी झाली. मधुमेह आहे, असे निश्चित झाले. मी डॉक्टरांना भाताबद्दल आणि पेढ्यांबद्दल सांगितले. ते म्हणाले, “काही महिन्यांच्या भाताने एवढं होत नाही. यांना आधीपासून असणार. कोणी तपासलंच नाही.”

त्यांनी ते माझ्या समाधानासाठी म्हटले असेल, किंवा ते खरेही असेल. पण त्या वाक्यातला दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा जड वाटला. घरात यंत्र होते. रोज सकाळी ती माझ्यासमोर चहा घेऊन उभी राहत होती. मी रोज एकच बोट पुढे केले, माझे.

जे कोणी घरच्या एका माणसाचे पथ्य सांभाळत आहेत, त्यांना माझी विनंती आहे. ताटातून जे कमी केले ते कोणाच्या ताटात जाते आहे, ते बघा. आणि जो माणूस शेवटी जेवतो, त्याची साखर आधी मोजा.

त्या संध्याकाळी

परतल्यावर गायी हंबरत होत्या. शेजारच्या भाऊंनी दुपारची वैरण घातली होती, पण धारा राहिल्या होत्या. मंदा लुगडे खोचून गोठ्यात गेली. मी चुलीपाशी बसलो. भाकरी मला थापता येत नाही. मी मटकीला फोडणी दिली, ती थोडी करपली. भात टाकला नाही. सकाळच्या उरलेल्या दोन भाकऱ्या तव्यावर गरम केल्या आणि दोन ताटे मांडली.

ती दूध घालून आली आणि दारातच थांबली.

“हे काय?”

“डॉक्टरांनी दोघांना सातला जेवायला सांगितलंय.”

“तुमी जेवून घ्या. मी मागनं बसते.”

“मागनं दहा वाजतात.”

ती हात धुऊन आली आणि ताटासमोर बसली, पण अंग जरा वळवून, पाहुण्याच्या घरी बसावे तशी. मी घास घेतला. तिने भाकरी मोडली आणि हातातच ठेवली. मटकी निवत चालली होती.

“काय झालं? करपलीय का फार?”

“तसं न्हाई.” ती खाली बघत म्हणाली, “तुमच्यासमोर बसून घास उतरत न्हाई मला. सवयच न्हाई.”

मी ताट उचलले आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. भिंतीला नुकताच चुना दिला होता, तो पाहत मी जेवू लागलो. माझी निम्मी भाकरी संपली. मग मागे ताटातली वाटी सरकल्याचा आवाज आला.

“मीठ कमी हाय,” ती म्हणाली, आणि जेवू लागली.